शटर का अडलं?

गेल्या पावसाळ्यात आजीचं लोखंडी कपाट गंजायला लागलं म्हणून आम्ही ते रिकामं केलं. तळाच्या कप्प्यात, दोन नऊवारींच्या घडीखाली, एक तपकिरी चामडी पिशवी होती आणि तिच्यात आजोबांचा कॅमेरा. आग्फा आयसोलेट २. बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं आणि काळ्या भात्यासकट लेन्स बाहेर येते. म्युनिकमध्ये बनलेला, साधारण १९५० च्या दशकातला. भाता शाबूत होता, लेन्सवर थोडी बुरशी होती. मी शटरची तरफ ओढून ताणली, बटण दाबलं. काही झालं नाही.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. काही अडलं की आमचा पहिला उपाय ठरलेला: बंद करा, परत चालू करा. दुसरा उपाय, जरा जोर लावा. इथे बंद-चालू करायला काही नव्हतं, म्हणून मी जोर लावायला गेलो. तेवढ्यात मागून बाबा ओरडले, "हात नको लावूस त्याला!"

बाबा सहसा ओरडत नाहीत. माझ्या हातून लॅपटॉप पडला होता तेव्हाही ओरडले नव्हते.

आजोबांचा हा कॅमेरा "दमट हवेनं गेला" हे आमच्या घरातलं जुनं वाक्य. १९८५ च्या महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या यात्रेत तो बंद पडला, तो पुन्हा चालला नाही. आजोबा २०११ मध्ये गेले. कॅमेरा कपाटातच राहिला.

मी जोर लावला नाही. वाचायला लागलो, आणि वाचता वाचता कॅमेऱ्याच्या एका अशा भागाच्या इतिहासात शिरलो, ज्याचं नाव आपण दुकानाच्या लोखंडी दारालाही देतो.

हात हेच शटर

सुरुवातीच्या कॅमेऱ्यांना शटर नव्हतंच. गरजच नव्हती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं ओल्या कलोडियनची पद्धत आणली. काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायचीही. काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागायचे. फोटोग्राफर लेन्सवरचं टोपण काढायचा, मनात आकडे मोजायचा, टोपण परत लावायचा. तो हात म्हणजेच शटर. तो अडत नव्हता, फार तर थरथरत असेल.

ही कला मुंबईत लवकर पोचली. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी होते, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यातून शिकून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत व्यावसायिक फोटोग्राफर झाले. मुंबईची रेल्वे अजून ठाण्याच्या पुढे फार गेली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या गावाशीही याचा धागा आहे. अंबरनाथचं शिवमंदिर शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातलं. तिथल्या शिलालेखाचा वर्षाचा आकडा भाऊ दाजींनी शके ७८२ असा वाचला होता. नंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं, म्हणजे सन १०६०. एका झिजलेल्या अंकामुळे मंदिराचं वय दोनशे वर्षांनी बदललं. १८६८ च्या सुमारास सरकारनं या मंदिराची रेखाटनं, साचे आणि फोटो करवून घेतले. ते ओल्या काचांचे दिवस होते. म्हणजे वालधुनीच्या काठावर काळोखा तंबू ठोकून, बाटल्या मांडून, काच सुकायच्या आत धावपळ. काळा दगड हलत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

शटर जन्माला आलं ते काचा वेगवान झाल्यावर. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सनं जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीस सेकंदाच्या छोट्या अंशात फोटो निघू लागले. एवढ्या वेळात टोपण काढून परत लावणं माणसाच्या हाताला जमत नाही. म्हणून हाताचं काम स्प्रिंगकडे गेलं.

घड्याळ्याच्या नातेवाईकाची गोष्ट

१९१२ मध्ये म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेलनं कोम्पूर शटर बाजारात आणलं. जर्मनीच्याच ब्लॅक फॉरेस्टमध्ये, काल्मबाख गावात, आल्फ्रेड गॉथियरचा कारखाना प्रोंटोर शटरं बनवायचा. आजोबांच्या कॅमेऱ्यावर प्रोंटोर-एसव्हीएस आहे. एका सेकंदापासून सेकंदाच्या तीनशेव्या भागापर्यंत वेग.

लेन्सच्या मधोमध कागदाहून पातळ पोलादी पाती एकमेकांवर सरकून बसलेली असतात. तरफ ओढली की मुख्य स्प्रिंग ताणली जाते. बटण दाबलं की ती सुटते, एक कडं फिरवते, पाती उघडतात आणि मिटतात. वेगवान फोटोला एवढंच पुरतं. हळू फोटोसाठी वाटेत दातेरी चाकांची एक छोटी साखळी आडवी येते आणि स्प्रिंगला रोखून धरते, जुन्या घड्याळात लंबकाजवळचा तुकडा चाकाला रोखतो तशीच. एक सेकंदाचा फोटो घेताना शटर "झर्रर्र" करतं, तो आवाज या चाकांचा.

आता मुख्य मुद्दा. या पात्यांना तेल लागत नाही. ती कोरडीच चालायला हवीत. पाती इतकी हलकी आणि स्प्रिंग इतकी नाजूक, की मध्ये तेलाचा पातळ थर आला तरी पाती चिकटतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून उचलून बघा, तसंच. वर्षं गेली की तेल घट्ट होतं, मग चिकटपणा आणखी वाढतो. अशा वेळी जोर लावला तर पात्याची टाचणीएवढी खुंटी तुटते, आणि ती कुठे मिळत नाही.

आयसोलेटमध्ये आणखी एक गंमत आहे. एकाच फिल्मवर दोनदा फोटो निघू नये म्हणून फिल्म पुढे सरकवल्याशिवाय वरचं बटण दाबलंच जात नाही. त्यामुळे अनेकांना शटर अडलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते कुलूप असतं. खात्री करायची तर शटरच्या अंगावरची छोटी तरफ थेट बोटानं दाबायची. मी दाबली. वरचं कुलूप बाजूला ठेवलं तरी शटर अडलेलंच होतं.

बोरा बाजार

सीएसएमटीच्या समोरून फोर्टात शिरलं की बोरा बाजार. कॅमेऱ्यांची दुकानं, फ्लॅश, पिशव्या, आणि कुठे कुठे एखाद्या जिन्याखाली दुरुस्तीचं टेबल. अशाच एका टेबलामागे बसलेल्या काकांनी कॅमेरा हातात घेतला, मागचं दार उघडलं, लेन्समधून दिव्याकडे बघितलं आणि दहा सेकंदांत निदान केलं.

"तेल पाजलंय कुणीतरी ह्याला. प्रेमानं."

पात्यांवर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसत होता. ते म्हणाले, करून देईन, पण तीन महिने लागतील. मुलगा या धंद्यात नाही, डोळे पूर्वीसारखे नाहीत. "इंजिनियर आहेस ना? स्वतः कर. घाई करू नको, फोटो काढत काढत उघड, म्हणजे लावताना कळेल. रॉकेल अजिबात वापरू नको. लायटरचं पेट्रोल घे, ते उडून जातं, मागे काही ठेवत नाही."

त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. चहा मात्र मला पाजायला लावला.

उघडून बघणारी माणसं

परतीच्या बदलापूर लोकलमध्ये उभा असताना एक गोष्ट डोक्यात घोळत होती. आपल्याकडे कॅमेऱ्याचा इतिहास सांगतात तो बटण दाबणाऱ्यांचा. उघडून बघणाऱ्यांचा कुणी फारसा सांगत नाही. खरं तर मराठी सिनेमाच उघडून बघण्यातून आलाय.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. त्या काळात मुंबईत फोटोग्राफीचा व्यवसाय करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पहिलं काम काय केलं? कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना टिपलं, थोड्या थोड्या वेळानं एकेक चौकट. म्हणजे आधी यंत्राची परीक्षा, मग राजा हरिश्चंद्र. तेव्हा कोऱ्या फिल्मला कडेची भोकं नसायची. ती अंधारात बसून पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं.

पण माझ्या कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट कोल्हापूरची. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म १८९०. घराणं कारागिरांचं. लाकूड, लोखंड, मूर्ती, रंग, सगळ्यात हात चालणारा. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, म्हणून दोघेही 'पेंटर'. फाळक्यांचा सिनेमा बघून दोघांनी ठरवलं की आपणही करायचा. विलायती कॅमेरा घ्यायला पैसे नव्हते. मग जुना प्रोजेक्टर मिळवला, तो चालवला आणि त्याचं पोट उघडून समजून घेतलं.

प्रोजेक्टर आणि सिनेमाचा कॅमेरा एकाच तत्त्वावर चालतात. फिल्म सलग धावत नाही. एक चौकट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. फिल्म सरकत असताना प्रकाश अडवायचा, थांबली की उघडायचा. हे काम फिरत्या तबकडीचं, तेच सिनेमाचं शटर. तबकडी आणि फिल्म ओढणारा आकडा यांची वेळ केसभर चुकली तर सगळं चित्र ओघळल्यासारखं दिसतं. हे सेकंदाला सोळा वेळा, हातानं दांडा फिरवत, अचूक जमवायचं.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. कॅमेरा अर्धाच होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेतलं, आणि १९१८ च्या सुमाराला लेथवर एकेक सुटा भाग कातून कॅमेरा पूर्ण केला. त्याच कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' झाला आणि १९२० मध्ये पुण्यात लागला. दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पुतळा माणसाचा नाही, यंत्राचा. मला हे फार योग्य वाटतं.

लेथवरचा माणूस

लेथ आमच्या घरात अनोळखी शब्द नाही. अंबरनाथला १९५३ मध्ये संरक्षण खात्याचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना सुरू झाला. आजोबा तिथे टर्नर होते. मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे त्यांना बोटांनी कळायचं, असं आजी सांगायची.

कॅमेरा त्यांनी साठच्या दशकात बोरा बाजारातून जुना घेतला. नवा मिळणं अवघडच होतं. १९५७ च्या आसपास परकीय चलनाची टंचाई झाली आणि परदेशी चैनीच्या वस्तूंची आयात जवळजवळ बंद पडली. पुढे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं आग्फाचा क्लिक ३ इथेच बनवला आणि मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा कॅमेरा आला. तो साधा डबा. शटरला वेग एकच, अडण्यासारखं त्यात फारसं काही नव्हतं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्समधून १९६७ पासून देशी फिल्म निघू लागली, 'इंदू' नावाची. अशा दिवसांत प्रोंटोर शटरचा जर्मन कॅमेरा बाळगणं म्हणजे कानसईच्या चाळीत काय मान असेल, तुम्हीच विचार करा. बारशापासून बाराव्यापर्यंत आजोबांना बोलावणं यायचं. साहजिकच आमच्या घरातल्या एकाही फोटोत आजोबा नाहीत.

उघडल्यावर

एका रविवारी सकाळी मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. लायटरचं पेट्रोल भडकतं, म्हणून आधी देवघरातला दिवा विझवला. लेन्सच्या कड्यावर तीन बारीक स्क्रू, घड्याळवाल्याच्या पेचकसानं ते सैल केले. पुढची लेन्स फिरेना. या आग्फांमध्ये वापरलेलं हिरवट ग्रीस काळानं सिमेंटसारखं घट्ट होतं. हेअर ड्रायरनं गरम करत, थांबत, पुन्हा गरम करत अर्धा तास गेला. मग ती सुटली.

आतलं कडं काढायला दोन खाचांत बसणारा पाना लागतो. मी कंपासपेटीतल्या डिव्हायडरची टोकं घासून तो केला. तो खाचेत बसवताना दिसलं की खाचेशेजारी आधीच एक ओरखडा आहे. जुना, काळा पडलेला. समोरच्या खाचेशीही तसाच. कुणीतरी हे कडं आधी उघडलं होतं.

आत तेलाचा पिवळट राप होता. शिलाई मशीनचा वास आला, किंवा मला तसा भास झाला. मी बाबांना हाक मारली.

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, "मीच घातलं होतं."

१९८५. बाबा तेरा वर्षांचे. दुसऱ्या दिवशी यात्रेला जाऊन सगळ्यांचा फोटो काढायचा होता. प्रोंटोर-एसव्हीएसला एक खटका असतो, तो व्ही वर ढकलला की बटण दाबल्यावर दहा-एक सेकंदांनी शटर आपोआप उघडतं. त्या वेळात काढणाऱ्यानं धावत जाऊन रांगेत उभं राहायचं. पहिल्यांदाच आजोबा फोटोत येणार होते. आदल्या रात्री बाबांना शटरचा आवाज जरा जड वाटला. दर महिन्याला आजोबा आजीच्या मशीनला तेल द्यायचे, मशीन कसं मऊ चालायला लागायचं. बाबांनी तीच कुपी घेतली आणि समोरच्या फटीत एक थेंब सोडला. मग खात्रीसाठी आणखी एक.

"मंदिराबाहेर एका दगडावर कॅमेरा ठेवला. आण्णा धावत येऊन आईच्या शेजारी उभे राहिले. सगळे हसत होतो. ते झर्रर्र वाजलं आणि थांबलं. पुढे काहीच नाही. आण्णा किती वेळ तसेच उभे होते. घरी आल्यावर म्हणाले, दमट हवेनं गेला. मी काही बोललो नाही. नंतर तर बोलायची वेळच निघून गेली."

"बाबा, महाशिवरात्र फेब्रुवारीत होती," मी म्हटलं. "दमट हवा कुठून येणार?"

ते गप्प राहिले. मी त्यांना कड्यावरचे ओरखडे दाखवले. "तुम्ही आत उघडलं होतंत?"

"छे. मी फक्त बाहेरून थेंब सोडले."

मग उघडणारा माणूस एकच उरतो. ज्याला शंभराव्या भागाचा फरक बोटांनी कळायचा, त्यानं कडं काढलं असेल, तेल पाहिलं असेल, वास ओळखला असेल. त्या घरात तेलाची कुपी एकच होती. बहुधा त्यांनी साफही करून पाहिलं असेल. कारखान्यात आणि घरात हाताशी असायचं ते रॉकेल, आणि रॉकेल स्वतःच मागे थर सोडतं. हा माझा अंदाज. पण उघडलं होतं, हे नक्की. आणि पुढची सव्वीस वर्षं ते "दमट हवेनं गेला" असंच सांगत राहिले.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," बाबा म्हणाले. उठले आणि चहा टाकायला आत गेले. चहाला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

एक पंचविसांश

साफसफाईला तीन रविवार गेले. पेट्रोलात बुडवलेली कानकाडी पात्यांवरून फिरवायची, शटर उडवायचं, सुकू द्यायचं, पुन्हा. पहिल्या दिवशी पाती अर्धी उघडून थांबली. दुसऱ्या रविवारी मिटायलाही लागली. तिसऱ्या रविवारी सुकल्यावरही ती उघडत राहिली, हे महत्त्वाचं, कारण ओली असताना सगळीच पाती चालतात.

मग मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटींनी, शटर चित्रित केलं. एक पंचविसांश सेकंदाला साधारण दहा चौकटी यायला हव्यात, तेरा आल्या. म्हणजे थोडं सुस्त. एक सेकंदाचा आवाज रेकॉर्ड करून मोजला, तर १.४ सेकंद. सत्तरीतल्या यंत्राला हे चालतं. जलद वेग ठीक होते.

दिवाळीनंतर १२० ची एक फिल्म घातली. बारा फोटो. बाबा, आई आणि मी शिवमंदिरात गेलो. बाबांनी विचारलं, "तो व्ही लावायचा का?" मी नको म्हटलं. जुन्या प्रोंटोरचा सेल्फ टायमर अर्ध्यात अडकला की सगळं शटर धरून बसतो, सगळे जाणकार तो वापरू नका असंच सांगतात. शिवाय संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. बाहेर फुलं विकणाऱ्या मावशींना विनंती केली. त्यांनी कॅमेरा उलटसुलट करून बघितला, "ह्यात दिसत कुठं?" म्हणाल्या. कुठे दाबायचं ते बाबांनी त्यांना दाखवलं आणि धावत येऊन आईच्या शेजारी उभे राहिले.

बारापैकी नऊ फोटो आले. मावशींनी काढलेल्यात आम्ही तिघं जरा डावीकडे गेलोय आणि माझा कान कापला गेलाय. बाबांनी तो मोठा करून घेतला. भिंतीवर लावण्याआधी मागे पेन्सिलनं तारीख लिहिली, आणि तारखेखाली शटरचा वेग, आजोबा लिहायचे तसा.